घड्याळ का थांबवलंस?

बुद्धिबळाच्या पंचाला काम तरी काय असतं, हा प्रश्न लोक मला निवृत्त होईपर्यंत विचारत होते आणि आता माझी नात विचारते. कबड्डीचा पंच धावतो, शिट्टी मारतो, शिव्या खातो. क्रिकेटचा पंच दिवसभर उन्हात उभा राहतो. बुद्धिबळाचा पंच म्हणजे पंख्याखाली फुकटचा चहा पीत हिंडणारा माणूस, अशी सगळ्यांची समजूत. आमच्या प्राचार्यांची तर पक्कीच. "शिंदे मॅडम, तुमचं बरंय. दोन पोरी समोरासमोर बसवल्या की झालं," असं ते म्हणायचे. मी म्हणायची, "सर, एकदा येऊन तर बघा." ते काही आले नाहीत.

मी मुलींच्या कॉलेजात क्रीडाशिक्षिका होते. मूळची खो-खोची. माझा आवाज असा, की मी मैदानावर हाक मारली की ऑफिसातला शिपाई दचकायचा. आणि अशा बाईच्या नशिबी काम आलं ते तोंड बंद ठेवण्याचं! झालं काय, की विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मुलींच्या बुद्धिबळाला पंच व्हायला कुणी तयार होईना. बैठकीत सगळे सर लोक छताकडं बघायला लागले, जसं काही तिथं उत्तर लिहिलंय. मला आला राग. म्हटलं, "मी होते पंच." तेव्हा मला बुद्धिबळ येत होतं ते घरी भावाला हरवण्याइतकं. मग पुस्तकं आणली, नियम पाठ केले, परीक्षा दिली, नापास झाले, पुन्हा दिली आणि पास झाले. तेव्हा आपल्या शहराला औरंगाबाद म्हणायचे आणि बुद्धिबळाच्या घड्याळांना काटे असायचे.

ते घड्याळ आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एका लाकडी खोक्यात दोन तबकड्या, दोघींची एकेक. वर दोन बटणं. आपली खेळी केली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं. आपला काटा थांबतो आणि समोरचीचा चालू होतो. बारावर एक बारकी लाल पट्टी लोंबत असते, तिला फ्लॅग म्हणायचं. वेळ संपत आली की मिनिटकाटा त्या पट्टीला हळूहळू उचलतो आणि बाराला पोचला की सोडून देतो. ती पडली की वेळ खलास. नेहमीच्या डावात तासन् तास मिळतात, पण ब्लिट्झ म्हणून जो प्रकार असतो त्यात अख्ख्या डावाला एकेकीला पाच मिनिटं. त्यात हात कुठला आणि प्यादं कुठलं, हे बघणाऱ्याला कळत नाही. मोहरे पडतात, बटणं आपटतात, बांगड्या वाजतात. मी मुलींना सांगायची, बांगड्या काढून बसा गं, माझं डोकं उठतं.

आता खरी गंमत ऐका. ब्लिट्झमध्ये एखादीचा फ्लॅग पडलेला पंचाला दिसला, तरी पंचानं बोलायचं नाही. हूं की चूं नाही. समोरच्या मुलीनंच तो बघायचा, घड्याळाची दोन्ही बटणं समपातळीत आणून घड्याळ मध्येच थांबवायचं आणि सांगायचं, हिची वेळ संपली. तिनं बघितलं नाही तर खेळ चालूच. माझ्या तोंडाला किती कळा लागायच्या म्हणून सांगू! आणि आणखी एक. मात झाली, आपण हरलो, हे कबूल करायचं असलं तरीसुद्धा तसंच घड्याळ थांबवायचं आणि हात पुढं करायचा. जिंकल्याचा दावा करायलाही तेच आणि हार मानायलाही तेच.

गिऱ्हाइकं तर एकेक अशी, की विचारू नका. एका मुलीनं वजिराला हात लावला. बुद्धिबळात हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. लावल्यावर तिच्या लक्षात आलं की वजीर हलवला तर गेलाच. तर म्हणते कशी, "मॅडम, मी वजिरावरची मुंगी झटकत होते." मी टेबल बघितलं. मुंगी खरंच होती! कुणाच्या तरी डब्यातल्या गुळाच्या पोळीला आलेली. म्हटलं, "झटकलीस ना मुंगी? छान. आता वजीर हलव." चार दिवस तिनं माझ्याशी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या एकीचे वडील वाळूजच्या कारखान्यात होते. रात्रपाळी करून बसमधून उतरले ते घरी न जाता सरळ हॉलमध्ये आले, पोरीचा खेळ बघायला. मागच्या खुर्चीवर टेकले आणि जे घोरायला लागले, की पट हलायचा राहिला होता. समोरच्या मुलीनं तक्रार केली. बरोबर होतं तिचं. पण नियमांच्या पुस्तकात घोरण्याबद्दल कुठं काही सापडेना! शेवटी मी त्यांना उठवलं, आमच्या क्रीडा विभागातल्या गादीवर नेऊन झोपवलं आणि डाव संपल्यावर पोरगी जिंकल्याचं सांगायला पुन्हा उठवलं. तर म्हणाले, "मला ठाऊकच होतं, मी बघत होतो की."

पण या अंकाच्या संपादकांनी आठवणी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आला तो एकच डाव. त्याबद्दल मी आजवर पुष्कळांना सांगितलंय, पण कागदावर कधी उतरवला नाही.

विद्यापीठाचा मुलींचा संघ म्हणजे चौघी खेळणाऱ्या आणि पाचवी राखीव. कुणी आजारी पडली तरच राखीव मुलीला पटावर बसायला मिळायचं, आणि आमच्या पोरी मेल्या आजारीच पडायच्या नाहीत. त्या वर्षी निवडीच्या स्पर्धेत तीन जागा सरळ ठरल्या. चौथ्या जागेसाठी दोघींचे गुण सारखे झाले. ठरलं, की दोघींनी एक ब्लिट्झचा डाव खेळायचा. जिंकेल ती संघात, हरेल ती राखीव.

एक होती नसरीन. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत तिच्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. बारीक चणीची, चष्मेवाली, हळू बोलणारी. बोलणं हळू, पण नियमाला एकदम कडक. समोरचीनं खेळी करून दुसऱ्या हातानं बटण दाबलं तरी ही लगेच मान वर करायची, "मॅडम, ज्या हातानं खेळी, त्याच हातानं घड्याळ." तिचं ते शेवटचं वर्ष. आधीची दोन्ही वर्षं ती राखीव म्हणून गेली होती. राखीव मुलीनं करायचं काय, तर पाण्याच्या बाटल्या भरायच्या, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या आणि चौघींच्या मागं उभं राहून डाव बघायचे. दोन वर्षं परगावी जाऊन ती एकदाही पटावर बसली नव्हती. "मॅडम, मी संघात आहे का संघाच्या सामानात आहे?" असं तिनं मला एकदा हसत हसत विचारलं होतं. मला हसू आलं नव्हतं. यंदा मात्र अब्बांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं, की आमची नसरीन या साली खेळणार. मी उशा भरायला टाकायला गेले तर मलाही सांगितलं, जसं काही मला माहीत नाही.

दुसरी मनीषा. लासूर स्टेशनची, पहिल्या वर्षाची, आणि माझ्याच कॉलेजची. वडील तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. दुपारी मालाची आवक थांबली की हमाल, मापाडी, दिवाणजी असे सगळे पोत्यांवर पट मांडून बसायचे. त्यांच्यात बसून ही पोरगी शिकली. पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण हात असा चालायचा की भल्याभल्यांना घाम फुटावा. "आमच्याकडं लई येळ लावला तर लोक पट उधळून देतेत मॅडम," असं ती सांगायची.

आता पंच कोण? मुख्य पंच मुलांच्या फेरीत अडकलेले. मी म्हटलं, मनीषा माझी विद्यार्थिनी, मी बसणार नाही. तर नसरीनच्या कॉलेजचे कदम सरच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बसा. तुमच्यावर आमचा डोळे झाकून विश्वास आहे." हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा.

दुपारची वेळ होती. मुलांचे बरेचसे डाव आटपलेले, त्यामुळं मोकळी झालेली पोरं टेबलाभोवती गोळा झाली. दाराबाहेर नसरीनचे अब्बा उभे होते. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आत यायला संकोचत होते. मी म्हटलं, "भाईजान, आत या ना." तर म्हणाले, "नको मॅडम, मी आलो की ती मलाच बघत बसते."

नाणेफेकीत मनीषाला पांढरे मोहरे मिळाले. मी घड्याळ चालू केलं आणि हात मागं बांधून उभी राहिले.

डाव काय सांगू तुम्हाला! मनीषा धडाधड येत होती आणि नसरीन एकेक वार अडवत होती. एकीचा स्वभाव मोंढ्याचा, दुसरीचा रजईच्या टाक्यांचा. वजिरावर वजीर कटला, हत्ती गेले, घोडे गेले. शेवटी शेवटी मनीषाची दोन प्यादी आणि नसरीनचं एक प्यादं उरलं. एका कडेला दोघींचं एकेक प्यादं डोक्याला डोकं लावून अडून बसलेलं. मनीषाचं दुसरं प्यादं मोकळं सुटलं होतं. पण तिचा काटा नसरीनच्या काट्याच्या पुढं होता आणि फ्लॅग उचलायला लागलेला. प्यादं पळालं आणि शेवटच्या घरात पोचलं. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं काढून तिथं वजीर ठेवायचा असतो. मेलेला पांढरा वजीर घड्याळाशेजारी मोहऱ्यांच्या ढिगात पडलेला होता. मनीषानं ढिगात हात घातला, हत्ती उचलला, उलटा करून त्या घरात ठेवला आणि बटण दाबलं!

आपल्याकडं गल्लोगल्ली उलटा हत्ती म्हणजे वजीर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात लासूरच्या मोंढ्याची आणखी एक तऱ्हा होती, ती मला नंतर कळली. तिथले हमाल मेलेला वजीर पटावर परत आणतच नसत. मेलेल्याला उठवू नये म्हणत. वजीर समोर दिसत असला तरी उलटा हत्तीच ठेवायचा, ही तिथली रीत. मनीषाचा हात आपोआप त्या रीतीनं गेला. पण स्पर्धेच्या नियमात हत्ती उलटा ठेवा, आडवा ठेवा, नाही तर डोक्यावर नाचवा, तो हत्तीच असतो. वजीर पाहिजे असला तर वजीरच ठेवायचा, मिळत नसला तर घड्याळ थांबवून पंचाला मागायचा.

नसरीननं घड्याळ थांबवलं. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हा हत्ती आहे."

मनीषा माझ्याकडं बघायला लागली. "वजीर हाय मॅडम. उलटा ठिवला की."

पोरांनी एकच गलका केला. "वजीरच आहे तो!" "सगळ्यांना माहीत आहे!" "चीटिंग करती ती!" कुणीतरी नसरीनकडं बोट करून "चीटर!" म्हणालं. नसरीनचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. मी वळले आणि खो-खोच्या मैदानावरचा आवाज काढला, "गप्प बसा! एक शब्द बोलाल तर हॉल रिकामा करीन!" पंखा तेवढा फिरत राहिला, बाकी सगळं थांबलं.

मनीषा माझी पोरगी होती हो. तिला मी मागं लागून कॉलेजात खेळायला बसवलेलं, रोज पॅसेंजरनं येऊन-जाऊन ती सराव करायची. तिच्या डोळ्यांत होतं, मॅडम काहीतरी करतील. पण करायचं काय? नसरीनचं म्हणणं बरोबर होतं. मी तो हत्ती उचलला, सरळ केला आणि त्याच घरात ठेवला. म्हटलं, "हा हत्ती आहे. डाव पुढं चालू."

आणि इथं मला माझ्या पोरीचा पहिल्यांदा अभिमान वाटला. तिनं वाद घातला नाही, रडली नाही. एकदा नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं. हत्ती तर हत्ती." वजीर असता तर दोन-चार खेळ्यांत आटपलं असतं. हत्तीनं मात करायची म्हणजे समोरच्या राजाला एकेक रांग मागं ढकलत कडेला न्यायचं, आणि स्वतःचा राजा बरोबर चालवायचा. त्याला खेळ्या लागतात आणि तिच्याकडं वेळ नव्हता. मी घड्याळ चालू केलं. मग जे काही झालं ते बघायला तुम्ही असायला पाहिजे होतात. हत्ती, बटण, राजा, बटण, हत्ती, बटण! नसरीनचा राजा निसटायला बघायचा आणि हिचा हत्ती आडवा यायचा. नसरीनही एकही खेळी वाया घालवत नव्हती. तिला फक्त तग धरायचा होता. मनीषाचा फ्लॅग आडवा झाला होता. आता पडेल, मग पडेल.

राजा कडेला गेला. मनीषानं हत्ती शेवटच्या रांगेवर सरकवला आणि हात काढला. त्याच क्षणी फ्लॅग पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी नसरीनच्या हातानं दोन्ही बटणं मध्ये आणून घड्याळ थांबवलं.

मी पट बघत होते. मात होती, नितळ मात. राजाला कुठंही जागा नाही. पण पंचाला डोळे दोनच, आणि ते पटावर असले की घड्याळावर नसतात. हत्ती बसला, फ्लॅग पडला, हात गेला. आधी काय आणि नंतर काय? मात आधी झाली असेल तर डाव तिथंच संपला, मग फ्लॅगला काही अर्थ नाही. पण हत्ती पटावर टेकायच्या आत नसरीननं फ्लॅग बघून घड्याळ थांबवलं असेल, तर डाव नसरीनचा.

मी तोंड उघडायच्या आत कदम सर पुढं आले. "वेळ संपली! नसरीननं दावा केलाय! आमची पोरगी जिंकली!"

"सर, तुम्ही बाजूला व्हा."

"होतो की बाजूला. पण मॅडम, पोरगी तुमची, निकालही तुमचाच? सगळ्यांच्या देखत तिनं घड्याळ थांबवलंय. तुम्ही उलटा निकाल दिलात तर मी लेखी तक्रार देणार."

डोळे झाकून विश्वास ठेवणारे हेच ते सर! मला संताप आला, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मी मनीषाच्या बाजूनं निकाल दिला तर आपल्या पोरीला जिंकवलं म्हणतील. नसरीनच्या बाजूनं दिला तर तक्रारीला घाबरून माझ्या पोरीची मात गिळली असं होईल. आणि मी पाहिलेलंच नव्हतं! पाहिलं नसताना पाहिलं म्हणायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. घड्याळ ज्या हातानं थांबवलं त्या हातालाच ठाऊक, की ते कशासाठी थांबवलं.

नसरीनचा हात अजून घड्याळावरच होता. मी तिच्यासमोर वाकले आणि विचारलं, "नसरीन, घड्याळ का थांबवलंस?"

तिनं चष्मा वर सरकवला.

"सांग ना बेटा," कदम सर म्हणाले, "वेळ संपली म्हणून. एवढंच म्हण."

"सर! तिला बोलू द्या."

तिनं पडलेल्या फ्लॅगकडं बघितलं. मग पटाकडं. मग दाराकडं, जिथं अब्बा टाचा उंचावून आत डोकावत होते. एक वाक्य बोलायचा अवकाश, आणि ती चौथ्या पटावर बसणार होती. दोन वर्षांच्या पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, सगळ्यांच्या मागं उभं राहणं, त्या एका वाक्यात फिटणार होतं. आणि खोटं कुणीही पकडू शकलं नसतं. मी तर नाहीच.

"मात झाली म्हणून, मॅडम," नसरीन म्हणाली.

"अगं, नीट आठव!" कदम सरांचा आवाज चढला. "फ्लॅग पडला होता की नाही?"

"पडला सर. मी बघितला. पण हत्ती आधी बसला होता. मी हरले, म्हणून घड्याळ थांबवलं." आणि तिनं तो हात घड्याळावरून काढून मनीषासमोर धरला.

मनीषानं तो हात दोन्ही हातांत धरला आणि भोकाड पसरलं. नसरीनच तिला समजावत बसली, "रडती कशाला? जिंकलीस ना तू?" मघाशी चीटर म्हणून ओरडलेली पोरं आता एकमेकांच्या मागं तोंड लपवत होती. त्यातल्या एकानं पुढं येऊन तिच्या वाटेतली खुर्ची सरकवली. कदम सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "तक्रार नाही मॅडम." मी निकाल लिहिला. लिहिताना अक्षर हललं, कारण मला काही दिसत नव्हतं. पंचानं रडू नये असा नियम पुस्तकात नाही, मी शोधलाय.

नसरीन त्या वर्षीही संघाबरोबर गेली, राखीव म्हणून. बाटल्या भरल्या, पिशव्या सांभाळल्या. रात्री जेवणं झाली की मनीषाला समोर बसवून दिवसभराच्या चुका दाखवायची आणि मनीषा निमूटपणे ऐकायची. पण चौघींपैकी एकही आजारी पडली नाही आणि नसरीन विद्यापीठासाठी पटावर बसली नाही ती नाहीच. ही सल माझ्या मनातून जात नाही. मनीषानं पुढं दोन वर्षं संघ गाजवला, मला ट्रॉफ्या आणून दिल्या, वर्तमानपत्रात माझा फोटोसुद्धा आला. त्या सगळ्याचा मला अभिमान आहे, नाही कशाला म्हणू? पण नोकरीत काय कमावलं म्हणून कुणी विचारलं, की मी ट्रॉफ्यांच्या कपाटाकडं बोट दाखवत नाही. मी त्या दुपारचं सांगते.

सगळे पांगल्यावर मी बाहेर आले. नसरीन आत मनीषाचा चेहरा धुऊन देत होती. अब्बा लूनाजवळ उभे होते. आत काय झालं ते त्यांना दिसलं होतं, पण समजलं नव्हतं. त्यांनी मला अदबीनं विचारलं, "मॅडम, बच्ची कैसी खेली?"

"भाईजान," मी म्हटलं, "मी इतके डाव बघितले, पण असा खेळ मी कुणाचा बघितला नाही. असं समजा की तुमच्या पोरीनं आज माझी इज्जत राखली."

त्यांचा चेहरा उजळला. मग जरा गोंधळला. "तो फिर... जीती ना?"

 तेवढ्यात नसरीन ओल्या हातांनी बाहेर आली. ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "नहीं अब्बा. हार गई."

"मॅडम तो बोल रहीं, बहोत अच्छा खेली."

"अच्छाच खेली. हारी भी सच्ची."

अब्बांनी तिच्याकडं नीट बघितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लूनाला पायडल मारलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, दुकानात येणाऱ्यांना काय सांगायचं, हाच विचार करत होतो मी. आता हेच सांगतो."